फरारी नव्हतास तू, दादा

दादा, तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी ठाण्यात तुझ्या नावापुढे 'फरारी' असा शेरा पडला. तू मेला आहेस हे त्यांना ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या बाभळीखाली पडलेला तुझा देह त्यांच्याच शिपायाने पाहिला, पंचनामा केला, अंगावरची घोंगडी कुणाची म्हणून चारचौघांना विचारलं आणि मग फरारी लिहिलं. मेलेल्या माणसाला फरारी ठरवून सरकारला काय मिळतं, असं मी वेड्यासारखा विचारत होतो. मिळतं, दादा. फरारी माणसाच्या बायकोपोरांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत नेऊन टाकता येतं. वहिनीला आणि तुझ्या पोरीला, सखूला, तिकडे न्यायचं ठरत होतं, आणि तुझ्या मातीला पुरतं पाणीही पडलं नव्हतं.

म्हणून तुझ्यासाठी धड रडलोही नाही. आता लिहायला बसलो आहे तर आधी भांडणच तोंडावर येतं आहे.

तुला दादा म्हणायची सवयसुद्धा मला राहिलेली नाही. नाशकात बाजाराच्या दिवशी तू छापखान्याच्या दाराशी यायचास, डोक्यावर पाट्या-करंड्यांची उतरंड, आणि रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडायचास, "करंडी घेता का मास्तर?" मी कसला मास्तर, खिळे जुळवणारा कंपोझिटर. पण तू मास्तर म्हणालास आणि मग छापखान्यातले सगळेच म्हणायला लागले. मी हात पुसत बाहेर यायचो, करंडी उलटीपालटी करायचो, नाक मुरडायचो. मागच्या खेपेची उसवली म्हणायचो. तू गळ्याची शपथ घ्यायचास. दोन सख्खे भाऊ भर रस्त्यात गिऱ्हाइकाचं आणि विकणाऱ्याचं सोंग आणायचे आणि तेवढ्यात आपली भेट उरकायची. भाव सांगता सांगता तू मध्येच आवाज उतरवून म्हणायचास, "पोरीला गोवर आला व्हता. आता बरी हाय." की लगेच पुन्हा मोठ्याने, "नाय परवडत मास्तर, लय कमी सांगता!"

सौदा पटला की तू म्हणायचास, "बूड नीट बघून घ्या." करंडीच्या तळाशी वडाच्या पानात वहिनीच्या हातची लसणाची चटणी असायची, कधी बाजरीची भाकरी, कधी नुसते भाजलेले शेंगदाणे. खोलीवर जाऊन दार लावून मी ते खायचो. आणि करंड्या टाकवत नव्हत्या. भिंतीला, छताला, खाटेखाली करंड्याच करंड्या झाल्या. शेवटी घरमालकीणबाई म्हणाल्या, "लग्न करा हो मास्तर, म्हणजे हे करंड्यांचं वेड जाईल." हे तुला सांगितलं तेव्हा तू रस्त्यातच असा खदाखदा हसलास की पानवाला वळून बघायला लागला. तू चटकन तोंड मिटलंस. एकाच आईची दोन माणसं हसताना सारखी दिसतात, हे माझ्याआधी तुझ्या ध्यानात आलं होतं.

हे पुढेमागे कुणी परका वाचेल तर त्याला समजावं म्हणून सांगून टाकतो. आपण कैकाडी. तुराट्यांच्या, निरगुडीच्या फोकांच्या टोपल्या विणायच्या, गाढवांवर लादायच्या आणि गावोगाव विकायच्या, एवढाच पिढ्यांचा धंदा. सरकारने कायदा केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात, आणि त्यांत आपल्याला बसवलं. चोरी केलीस का, असं कुणी विचारत नाही. कुणाच्या पोटी आलास, एवढं विचारलं की झालं. वयात आलेल्या गड्याच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे. त्याने दिवस मावळायच्या आत चावडीवर येऊन हजेरी द्यायची. गावाची शीव ओलांडायची तर पोलीस पाटलाकडून पास घ्यायचा, पोचल्या गावी तिथल्या पाटलाची सही घ्यायची, मुदतीच्या आत परतायचं. पासावर गाढवंसुद्धा मोजलेली. एकदा वाटेत गाढवी व्याली आणि येताना एक गाढव जास्त कसं म्हणून तुला दिवसभर अडकवून ठेवलं होतं. तू ते पिल्लू पाटलापुढे उभं करून म्हणालास, "ह्याचा बी ठसा घ्या मालक." पाटील हसला म्हणून वाचलास.

ठसे घेणारा फौजदार वस्तीवर पहिल्यांदा आला तेव्हा तू नुकता वयात आला होतास आणि मी पोर होतो. घरात आणखी कोण, असं त्याने विचारलं. तू तोंडावरची रेषही न हलवता म्हणालास, "धाकला भाऊ व्हता. पटकीत गेला." मी तुराट्यांच्या भाऱ्यामागे बसून ते ऐकत होतो. आईने डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. फौजदाराला वाटलं, पोराच्या आठवणीने रडते आहे. मग तू मला नाशकात नेऊन एका वसतिगृहात घातलंस, भिवाचा माधव केलंस आणि बजावलंस की पोलिसाच्या कानावर पडेल असं मला भाऊ म्हणायचं नाही, मरेपर्यंत नाही. मी मेलो म्हणून मोकळा राहिलो. शिकलो, कामाला लागलो, वाटेल तेव्हा वाटेल त्या रस्त्याने चाललो. आई गेली तेव्हा मात्र येता आलं नाही. तू बाजारात भाव करता करता मला सांगितलंस आणि मी हातातली करंडी खाली ठेवू शकलो नाही, कारण समोर एक शिपाई पेरू घेत उभा होता.

तुझ्यावर रागावायचं काय, असं तुला वाटेल. तुझ्या त्या सरळपणावर राग आहे माझा! हजेरी कधी चुकवली नाहीस. तुझं म्हणणं होतं, नीट वागणाऱ्याची हजेरी एक दिवस माफ होते. कुणाची झाली होती, दादा? तुझ्या आसपास एकाची तरी? गावात एका घरचं पितळी घंगाळ हरवलं तेव्हा पहिली धाड आपल्या वस्तीवर आली. विणलेल्या कणग्या फोडल्या, तुझ्या पाठीवर काठी मोडली. पुढे ते घंगाळ त्यांच्याच सोयऱ्यांकडे निघालं, लग्नात पाणी तापवायला नेलं होतं. तुला कुणी चुकलं म्हटलं नाही. तू मला म्हणालास, "निघालं की नाय शेवटी? म्हंजी आपण चोर नाय हे कळलं त्यांना." मी म्हणालो, पुढच्या वेळी पुन्हा तुलाच मारतील. तू म्हणालास, "तू लय वाचतोस, म्हणून तुला असं वाटतं."

नाशकात देवळाच्या दारापुढे अस्पृश्यांचा मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह चालू होता तेव्हा मी तुला तिकडे ये म्हणून किती सांगितलं. ती माणसं मार खाऊनही दाराशी बसून होती. अर्ज करू, वर्तमानपत्रात छापू, मी स्वतः खिळे जुळवीन, असं मी आवाज चढवून बोलत होतो आणि तू करंडीचा काठ चाचपत ऐकत होतास. मग म्हणालास, "त्यांला आत जायाचं हाय. बराबर हाय त्यांचं. आपल्याला आधी भाईर जाया मिळू दे." एवढं बोलून पाट्या डोक्यावर घेतल्यास, कारण सूर्य कलला होता. त्या वादाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. तू बरोबर होतास असं मला वाटत नाही. मीही बरोबर होतो असं आता म्हणवत नाही.

या शेवटच्या खेपेला तू द्राक्षं भरायच्या करंड्या घेऊन आलास तेव्हा ओरडलासच नाही. दाराशी टेकून उभा राहिलास. हात लावला तर अंग तव्यासारखं. मी मालकाला सांगितलं, रस्त्यात एक टोपलीवाला पडला आहे, दवाखान्यात पोचवून येतो. तिथेही तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, छातीत सूज आहे, उठायचं नाही. तापात तू आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागलास. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "हा कुठल्या मुलखाचा म्हणायचा?" मी घाबरलो, आणि तरी तुझ्या कानाशी वाकून आपल्या बोलीतच उत्तर दिलं. किती वर्षांनी! शब्द आठवत नव्हते, लहान पोरासारखं बोलत होतो. तू डोळे न उघडता माझा कान पिळलास, लहानपणी पिळायचास तसा. दादा, जाणत्या वयात तेवढाच वेळ मी तुझा भाऊ म्हणून तुझ्याजवळ बसलो.

सकाळी ताप थोडा उतरला आणि तू विचारलंस, आज वार कोणता. मी सांगितला. "पास संपतो आज," तू म्हणालास. मी म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊ, मी स्वतः नेऊन देईन. तू म्हणालास, "तू नेशील? कोण म्हणून?" मी म्हटलं, टपालाने धाडू. तर म्हणालास, "टपाल पोचायच्या आधी शिपाई पोचंल तुझ्या वहिनीच्या दारात." मग एकदम नरमलास. राहतो म्हणालास. घशाला कोरड पडली आहे, जरा चहा आण म्हणालास. मी चहा घेऊन आलो तर खाटेवर चादर घडी करून ठेवलेली. पळून जाणारा माणूस चादरीची घडी करतो का रे? मला फसवलंस. माझ्याशी आयुष्यात एकदाच लबाडी केलीस, तीही चावडीवर वेळेत पोचायला.

पुढचं मला सायखेड्याच्या कासमभाईंनी सांगितलं. कांद्याची गाडी रिकामी करून ते परत चालले होते. तू रस्त्याच्या कडेला धापा टाकत होतास, त्यांनी तुला गाडीत घेतलं. "पाणी पाजलं, घोंगडी घातली अंगावर," ते म्हणाले. "तर सारखं एकच विचारतो, दिवस किती ऱ्हायला. मी म्हटलं, है अजून, पड जरा. तर म्हणतो, भाई, तुमचे बैल लय हळू चालतात, मला हजेरी हाय. उतरला आणि लागला चालायला. मी म्हटलं, अरे बाबा, मरशील! पण ऐकतो कुणाचं?" पुढच्या वळणावर गाडी आली तोवर तू बाभळीखाली आडवा झाला होतास. बैलगाडीपेक्षा आपले पाय लवकर पोचतील, असं छातीत सूज असलेल्या माणसाला वाटतं, दादा? हजेरीच्या धाकात जन्म काढलेल्यालाच वाटू शकतं. कासमभाई हे सांगताना रडत होते आणि मला त्यांच्या बैलांचाही राग येत होता.

ठाण्यात कासमभाईंना कुणी विचारात घेतलं नाही. पास संपलेला कैकाडी, दवाखान्यातून न सांगता गेलेला, हद्दीबाहेर सापडला. तो गावाकडे चालला होता की कुठे डाका घालायला, हे गाडीवानाला काय ठाऊक? म्हणून मी गेलो. सांगितलं, मी याला दवाखान्यात नेलं, सकाळी हा पास संपतो म्हणून तळमळत होता, हजेरीसाठीच निघाला. फौजदार म्हणाला, "आपण कोण?" रस्त्याने जाणारा, मी म्हणालो. "रस्त्याने जाणारा माणूस कामधंदा टाकून एका टोपलीवाल्यासाठी इतक्या लांब येतो?" त्याने मला बसवून ठेवलं आणि नाशकाला माणूस धाडून माझ्या खोलीची झडती करवली. मग विचारतो, "एकट्या माणसाला एवढ्या करंड्या कशाला? यातून काय यायचं तुझ्याकडे?"

"चटणी," मी म्हणालो.

सगळं ठाणं हसलं. तू चोरायचास आणि मी माल घ्यायचो, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. म्हणजे तू फरारी होतासच, आता चोरही झालास. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं. खरं बोल, म्हणाला, नाहीतर तूही आत आणि त्याची बाईही.

त्या संध्याकाळी मी वहिनीकडे गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भांडी एका फडक्यात बांधून ती तयार बसली होती. सखू मला बघून आत पळाली. वहिनीने ओळखलं मला, तुझ्या हनुवटीवरून असेल. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "भावजी, तुमी काय बी सांगू नगा. तुमाला भाईर ठेवाया त्यांनी जलम घातला. आमी जातो तारंत. तिथं बी टोपल्या इनतात." मी विचारलं, आणि सखू? तिथे पोरींना आयांपासून वेगळं ठेवतात, हे तिलाही माहीत होतं. ती गाठोड्याची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची, एवढंच करत राहिली.

मला तुझा फार राग आला तेव्हा. असं काय वचन घेतलंस की ते पाळलं तर तुझी पोर जाते? तू असतास तर काय केलं असतंस, असं मी स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर मला ठाऊक होतं. तू मलाच वाचवलं असतंस, कारण तुला तीच एक खोड होती. मी तुझ्याइतका चांगला नाही. मला भीती वाटत होती. छापखाना, खोली, रस्त्यावरून बिनधास्त चालणं, गोदेच्या काठी मनात येईल तेवढा वेळ बसणं, सगळं रात्रभर आठवत राहिलो.

सकाळी फौजदारापुढे उभा राहून मी म्हणालो, "तो माझा सख्खा भाऊ." त्याने दप्तर उलगडलं. "त्याचा भाऊ पटकीत मेला म्हणून लिहिलंय."

"तोच मी."

या वेळी कुणी हसलं नाही. मग मी सगळं सांगितलं, करंड्यांचं सोंग, दवाखाना, चहा, चादरीची घडी. बोलताना मी तुला पुन्हा पुन्हा दादा म्हणत होतो, तोंडाला जणू चटक लागली होती. डॉक्टरांचा कागद त्याने वाचला. कासमभाईंना बोलावून पुन्हा विचारलं, या वेळी खुर्ची देऊन. तो माणूस वाईट नसावा, दादा. तो माझ्याकडे न बघता लिहीत होता. फरारी खोडून त्याने लिहिलं, 'हजेरीस येत असता वाटेत मयत.' मला वाचूनही दाखवलं. वहिनीला वसाहतीत न्यायचं रद्द झालं. तेवढंच मी तुझ्यासाठी करू शकलो.

मग शिपायाने शाईची पाटी आणली. माझी बोटं आधीच काळी होती, छापखान्याची शाई नखांत मुरलेली. तिच्यामुळे ठसे नीट उठेनात. शिपाई वैतागून म्हणाला, "घासलेटने धुऊन ये." मी अंगणात बसून बोटं घासली, खूप घासली, आणि कंपोझिटरचे हात पांढरे करून त्यांच्यापुढे धरले. हुकूम होईतो गाव सोडायचं नाही असं बजावलं. छापखान्याचं काम गेलंच. नाशकाचा पास कशाला देतील, आणि कोण म्हणून देतील?

त्या दिवसापासून दिवस मावळायच्या आत चावडीवर जातो. आपली माणसं रांगेत उकिडवी बसलेली असतात. पाटील नावं पुकारतो. भिवा म्हटल्यावर पहिल्या दिवशी मला कळलंच नाही की ते मी. शेजारच्याने ढोसलं तेव्हा बोललो. माझ्या पाठीमागे सखू उभी होती. घरी जाताना तिने माझं बोट धरलं, तिला आता मी काका आहे हे कळलं आहे. ती विचारते, बाबा फरारी नव्हता ना? मी नाही म्हणतो, दहादा नाही म्हणतो.

तू माझ्यावर चिडला असशील. एवढी वर्षं मला मेलेला ठेवलंस, आईला रडवलंस, स्वतः बाजारात उन्हातान्हात उभा राहिलास, आणि मी एका वाक्यात ते सगळं घालवलं. आता मला यातून कोण सोडवणार हे मला माहीत नाही. सोडवणारा तूच एक होतास. मला शिव्या दे, कान पीळ, स्वप्नात ये, कसाही ये, पण ये. मला शोधायला लागणार नाही, दादा. रोज दिवस मावळायच्या आत मी चावडीवर असतो आणि रात्री तुझ्या झोपडीत. मला आता कुठे जाता येत नाही.